वापरलेला बोर्ड

सोमवार, ४ मार्च

…आणि कपडे दोरीवर टाकून मी आत आले, तेव्हा हे खुर्चीत बसून जुन्या रेडिओची पाठ उघडत होते. त्या सकाळी वेगळं असं काहीच नव्हतं. पाणी भरलं होतं, केर काढला होता, दूध उतू गेलं म्हणून शेगडी दोनदा पुसावी लागली होती. ह्यांनी डाव्या हाताने एकेक स्क्रू काढून बशीत ठेवला आणि म्हणाले, आज दुकान तू उघड, मी आलोच मागून. ते मागून आले नाहीत. त्याला आता दीड वर्ष झालं.

सुरुवात कुठून करावी कळेना, म्हणून मनात जे चाललं होतं तेच आधी लिहून टाकलं.

आज नव्या कामावर आले. घर अरुंद आणि उंच आहे. खाली कृत्रिम दातांचं वर्कशॉप, वर राहायची जागा. मला मागच्या बाजूची खोली मिळाली. पलंग, टेबल, भिंतीला चार खुंट्या आणि उजेड भरपूर. स्वतःची खोली आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली. हसूच आलं. धाकटी बहीण म्हणत होती, अक्का, परक्याच्या दारात कशाला जातेस, माझ्याकडे ये. पण मला कुणाच्या घरी पाहुणी म्हणून म्हातारं व्हायचं नाही. हात चालतात तोवर काम करीन.

मालकीणबाईंना सगळे ताई म्हणतात. साठीच्या असतील. बोलतात ते एकेक शब्द चावून. त्यांचे धाकटे भाऊ दातांना रंग देतात. त्यांना सगळे भाऊच म्हणतात, पुरं नाव तेवढं बाहेरच्या पाटीवर रंगवलंय. त्यांचा एक पाय अधू आहे, पण हात असा स्थिर की बघत राहावं. कंप्युटर आणि घर दोन्ही भाऊंची बायको बघायची. तिला बारकी म्हणत. ती गेली, एवढंच ताई म्हणाल्या. मी पुढे विचारलं नाही. त्या एका शब्दापुढे काही विचारायचं नसतं, हे मला माहीत आहे.

ही वही ताईंनीच दिली. म्हणाल्या, इथे येणारी प्रत्येक बाई लिहिते, वाचणार कोणी नाही, लिहून टाकलं की डोकं कामाला मोकळं होतं. मला बरं वाटलं. आमच्या कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानात हे प्रत्येक गोष्टीची प्रत काढून ठेवायचे. प्रत नसली तर ते गेलंच असं समज, म्हणायचे. माझ्याकडे ह्यांची प्रत कुठे आहे? ती आता इथे काढीन.

मंगळवार, ५ मार्च

कंप्युटरचं मशीन पाहिलं. आतल्या मुख्य बोर्डावरचे चार कपॅसिटर फुगून टम्म झालेत. सकाळी आठ-दहा वेळा बटण दाबावं तेव्हा कुठे चालू होतं. दात कापणारं यंत्र या कंप्युटरवर चालतं, आणि त्याचा प्रोग्रॅम बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. सगळं पुसून नव्याने टाकायचं म्हटलं तर तो प्रोग्रॅम परत मिळायचा नाही. वर आत अकरा वर्षांचे जबडे साठवलेत, हजारो माणसांचे. म्हणजे बोर्ड बदलायचा, पण डिस्कवरच्या सिस्टिमला धक्का लावायचा नाही. जुनी सिस्टिम नव्या बोर्डावर जशीच्या तशी उभी करायची. असं होत नाही, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. होतं. घाई न करता केलं तर होतं.

ताईंनी विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, आठवडा धरा. त्या म्हणाल्या, बारकीने दोन दिवसांत केलं असतं. मग तिलाच बोलवा, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

दुपारी पार्सलवाला आला. तयार कवळ्यांचे डबे दवाखान्यांना तोच पोचवतो. गमत्या माणूस आहे. म्हणाला, जपून राहा बाई, दातांचं घर आहे, चावतं. मी म्हटलं, कवळी चावत नाही, चावणारे तोंडात असतात. तो इतका हसला की ताईंनी वरून खिडकी लावून घेतली.

गुरुवार, ७ मार्च

आज तयारी केली. आधी सगळ्या डिस्कची प्रत काढली. मग जुन्या बोर्डाचे ड्रायव्हर एकेक करून काढून टाकले. ते राहिले तर सिस्टिम नव्या बोर्डावर जागी होते, जुन्या घरातली बटणं चाचपत बसते आणि निळा पडदा टाकून मोकळी होते.

पार्सलवाल्याने भंगारवाल्याकडून त्याच जातीचा बोर्ड आणून दिला. वापरलेला आहे. वापरलेल्या बोर्डाला स्वतःची थोडी आठवण असते. त्यावर नाण्याएवढी बॅटरी असते, ती काढून ठेवायची. थोड्या वेळात तो विसरतो, आधी कुठे होता, त्याला काय काय जोडलेलं होतं. मग तो कुणाचाही होतो.

हे सगळं मला ह्यांनी शिकवलं. माझी शाळा चौथीत सुटली होती. लग्नानंतर हे दुकानातली माहितीपुस्तकं घरी आणायचे आणि मी ओळीखाली बोट धरून वाचायची. पहिलं पुस्तक प्रिंटरचं होतं. शाई संपल्यास काय करावे, हे मी एखादी गोष्ट वाचावी तसं वाचलं आणि शेवटी विचारलं, मग पुढे काय झालं? हे पोट धरून हसले. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर सोल्डरिंगचा डाग होता, डाळीएवढा. तोही लिहून ठेवते.

शनिवार, ९ मार्च

झालं! सकाळी जुना बोर्ड काढला, नवा बसवला. प्रोसेसरवर पेस्ट, मग पंखा, मग वायरी. सेटिंगमध्ये डिस्कचा प्रकार पहिल्यासारखाच ठेवला, लोक नेमकं तिथे चुकतात. बटण दाबलं. पडद्यावर ठिपके गोल गोल फिरत राहिले. एकदा आपोआप बंद होऊन चालू झालं, मग पुन्हा एकदा. मी खुर्चीची कड धरून बसले होते. आणि मग सगळं समोर आलं. प्रोग्रॅम, जबडे, मागे लावलेला निळ्या फुलाचा फोटो, सगळं जागच्या जागी.

शेवटी सिस्टिमने ओळख मागितली. बोर्ड बदलला की ती मागतेच. ताईंनी चिठ्ठीवर बारकीच्या खात्याचा पासवर्ड दिला. या यंत्राचे भाग नुकतेच बदलले आहेत, असा एक पर्याय असतो, तो मी निवडला. सिस्टिमने मान्य केलं.

शाबासकी तर सोडाच, ताई म्हणाल्या, एवढ्यासाठी आठवडा? भाऊ मात्र कंप्युटरच्या डब्यावर हात ठेवून कितीतरी वेळ उभे होते. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडली. ह्यांची गोळी. पांढरी. जेवणाआधी. बारकीने लावून ठेवलेली आठवण होती ती. भाऊंकडे बघवेना. मीच उठून गोळी आणून दिली.

सोमवार, ११ मार्च

बारकीच्या आठवणी दिवसभर उघडत असतात. खिडकी लावणे. भट्टी बंद. ह्यांचं पाणी. बंद कराव्या असं मनात आलं, पण सोय होते. मला या घराचं काय ठाऊक? ती सांगते, मी करते.

तिचा ॲप्रन दाराला होता, ताईंनी तोच घालायला लावला. मी उंच, हाडापेराने मोठी. बटणं लागेनात. ताई म्हणाल्या, कमी खा. जेवताना त्या माझ्या ताटाकडे बघतात आणि घास मोजतात की काय कोण जाणे. भाजीत मीठ पडलं नाही की बारकी. केर राहिला की बारकी. बारकीला सांगावं लागत नसे. बारकीला हात होते, तुझे हात म्हणजे पाय आहेत. एकदा म्हणाल्या, बारकी थकली होती, बदलावी लागली. माणसाला बदलतात का, असं मी विचारलं तर भाऊ आणि त्या एकमेकांकडे बघून हसले. घरातला एखादा जुना विनोद असावा तसे.

बुधवार, १३ मार्च

आज ताईंनी जिन्यावरून हाक मारली, बारके! मी मान वर केली नाही. त्यांनी पुन्हा मारली. मी म्हटलं, ताई, मला नाव आहे. त्या म्हणाल्या, असू दे की, इथे कोणाला हवंय ते. आणि शांतपणे भिंतीवरचं घड्याळ पुसायला लागल्या.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. भाऊंनीच उचलला आणि मी आंघोळीला गेले आहे असं सांगितलं. मी त्यांच्यासमोर, दोन हातांच्या अंतरावर बसले होते.

शुक्रवार, १५ मार्च

एक गोष्ट विचित्र दिसली. बोर्ड बदलल्यानंतरच्या तारखांना नव्या आठवणी लिहिलेल्या आहेत. बारकीच्या खात्यातून, बारकीच्या भाषेत. उद्या ह्यांची नखं काढणे. ताईंना उलट बोलू नये. कमी खाणे. सगळ्यांची वेळ दुपारची, दोन ते तीनच्या मधली. त्या वेळी मी वर पडलेली असते.

भाऊंना विचारलं, दुपारी मशीनवर कोण बसतं? त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही. म्हणाले, असं काय करतेस, तूच तर बसतेस.

सोमवार, १८ मार्च

आज वहीची पहिली पानं वाचली. अक्षर माझं आहे. कुणीतरी खुर्चीत बसून रेडिओ उघडतं, स्क्रू बशीत ठेवतं. दूध उतू जातं. मला हे आठवत नाही. कुणा दुसरीची सकाळ वाचावी तसं वाटलं. अंगठ्यावरचा डाग, असं लिहिलंय. मी डोळे मिटून त्यांचा हात आठवायला गेले. हात येतो, अंगठा येत नाही. प्रिंटरच्या पुस्तकात हसण्यासारखं काय होतं?

जे लिहिलं ते गेलंय. जे लिहिलं नाही ते आहे. त्यांच्या चपलांचा आवाज आहे, त्यांची खोकण्याची तऱ्हा —

नाही. लिहायचं नाही.

मंगळवार, १९ मार्च

कपाटात वरच्या फळीवर वह्या आहेत. चार. चार बायकांची चार अक्षरं. पहिल्या पानांवर प्रत्येकीचं वेगळं. एकीचा मुलगा, एकीची आई, एकीचं गाव आणि तिथला पूल. बारकीच्या वहीत तिचा नवरा आहे, आणि तो गवंडी होता. भाऊ नव्हेत. पंधरा-वीस पानांनंतर चारही वह्यांत एकच मजकूर. ह्यांची गोळी. ताईंना उलट बोलू नये. स्वल्पविरामसुद्धा तेच.

मी दुकानात पंचवीस वर्षं हेच काम केलं, आणि मला दिसलं नाही! यांची सिस्टिम कधी बदललेलीच नाही. नुसते बोर्ड बदलतात. आणि वापरलेला बोर्ड आणला की आधी त्याची बॅटरी काढायची. वहीत लिहिणं म्हणजे तीच बॅटरी काढणं. मी प्रत काढतेय समजत होते आणि स्वतःच्या हाताने —

बुधवार, २० मार्च

पिशवी भरून निघाले. ताईंनी अडवलं नाही. दार उघडून धरलं आणि म्हणाल्या, जा की, कुठे जातेस? कोपऱ्यापर्यंत गेले. तिथून बस डावीकडे मिळते की उजवीकडे, कळेना. बहिणीच्या घराचा रंग आठवला, रस्ता नाही. उभी राहिले. मग पाय आपोआप वळले. गोळीची वेळ झाली होती. ताई म्हणाल्या, चार मिनिटं उशीर.

पार्सलवाला दारात होता. त्याला म्हटलं, मला बसपर्यंत सोड. तो हसला. म्हणाला, बारकीबाई, तुमची चेष्टेची खोड अजून गेली नाही. मी म्हटलं, अरे, मी नवी, तूच बोर्ड आणून दिलास ना? तो म्हणाला, दिला की, तुम्हालाच दिला.

ॲप्रनची बटणं लागतात.

गुरुवार, २१ मार्च

वर्कशॉपच्या फोनवरून बहिणीला फोन केला, ताई वर असताना. नंबर बोटांना पाठ होता. एवढंच म्हटलं, ये, मला घेऊन जा. ती म्हणाली, अक्का, रविवारी सकाळी येते, नक्की. ती रडत होती.

तीन दिवस. ह्यांची एक गोष्ट मी वहीत कुठेच लिहिलेली नाही. नाव. मी त्यांना नावाने कधी हाक मारली नाही, ‘हे’ म्हणायची सवय, म्हणून तेवढं राहिलं. तेच वाचवायचं. नाव असलं की त्याला धरून बाकीचं परत येईल. सुरुवातीपासून सुरुवात करीन.

लिहायचं नाही, म्हणायचं नाही, मनात घोकायचं. गोळी देताना, पाणी देताना, नखं काढताना. काम हातांनी, नाव मनात. दोन्ही होतं.

शुक्रवार, २२ मार्च

पेन ठेवलं तरी दुपारी हातात असतं. म्हणून फक्त आजचं लिहायचं. नऊ कवळ्या कापल्या. एक पाडली. ताईंनी ती माझ्या ताटात ठेवली. म्हणाल्या, आज हिनेच जेव.

ह्यांना गोळी दिली. नाव घोकलं. आहे.

शनिवार, २३ मार्च

स्वतःसाठी लिहून ठेवते: उद्या एक बाई येईल. ती बहीण आहे. ओळख पटो न पटो, तिच्याबरोबर जायचं. वाद घालायचा नाही. पिशवीही घ्यायची नाही. जायचं.

ताई आज गोड बोलल्या. ते जास्त —

ह्यांनी हात धरून म्हटलं, थकलीस का? डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी विचारलं कुणी. नाव आहे. पक्कं आहे. आधीपेक्षा पक्कं.

रविवार, २४ मार्च

बाई आली. सकाळी दहाला. मला बघून ती दारातच थबकली. म्हणाली, किती वाळलीस गं, अक्का! चेहरा ओळखीचा वाटला नाही. पण वहीत लिहिलं होतं, म्हणून चपला घातल्या. उंबरठ्याबाहेर एक पाय टाकलासुद्धा.

ताई मागून म्हणाल्या, जाऊ दे, पण विचारून तर घे, कोण कुठली ते. तुझ्या नवऱ्याचं नाव तरी तिला माहीत आहे का?

ती बाई माझे खांदे धरून ओरडली, काय झालंय तुला, अक्का? आणि तिने नाव घेतलं. दोनदा घेतलं, मोठ्याने.

ते नाव नव्हतं.

मी इतके दिवस जपलेलं, लिहिलं नाही, म्हटलं नाही असं नाव. आणि ही कुणाचं तरी भलतंच नाव घेऊन आली. म्हणजे बहीण नाहीच. फसवायलाच आली होती. थोडक्यात वाचले. मी म्हटलं, बाई, तुमचं घर चुकलं. ती दार धरून बसली. रडत होती. बोटं चेंगरतील म्हणून मी ती एकेक करून सोडवली. मग दार लावलं. ती बराच वेळ —

ह्यांची गोळी द्यायची होती.

सोमवार, २५ मार्च

आज लवकर उठले. हलकं वाटतंय. कशाला घाबरत होते? नाव तर बाहेरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलंच आहे, येणारा-जाणारा रोज वाचतो. त्यात लपवण्यासारखं काय? भट्टी लावली. ह्यांना पाणी दिलं. मग टेबल पुसून बसले, वही उघडली, आणि ते नाव लिहून टाकायला घेतलं. माझ्या ह्यांचं नाव —